हसण्याची तालीम

माझ्या भाचीचे लग्न एका मालिकेमुळे मोडले, असे आमच्या गावात अजून सांगितले जाते. सांगणारे सांगताना हसतात, ऐकणारे मान डोलावतात, आणि ‘हल्लीच्या पोरी काय काय बघत बसतात’ एवढे बोलून सगळे आपापल्या कामाला लागतात. हे खोटे आहे. ते इतक्या तोंडांतून फिरून माझ्याकडे परत आले आहे की आता मला त्याचा वास येतो. सुताला खळ लावणाऱ्या सायझिंगच्या कारखान्यामागे साचलेल्या आंबट खळीचा येतो तसा, कपड्यांत बसणारा. म्हणून हे लिहिते आहे. रागाने लिहिते आहे, आणि लिहिता लिहिता राग निवळू नये याची काळजी घेत लिहिते आहे.

आमचे घर भिवंडीहून काल्हेरकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आत, गोदामांच्या रांगांमागे आहे. वडील जिथे भात लावत तिथे आता निळी पत्र्याची छपरे आहेत. दुपारी ती तापून कडकडतात आणि संध्याकाळी निवताना हळूच कण्हतात. त्या छपरांच्या भाड्यातून भावाने दोन मजल्यांचे संगमरवरी फरशीचे घर बांधले. वरच्या मजल्यावर मी राहते. भिवंडीतल्या एका महाविद्यालयात कविता शिकवते. खाली भाऊ, वहिनी आणि त्यांची एकुलती मुलगी. ती शिकून एका गोदामाच्या कार्यालयात नोकरीला लागली होती. तिचे हसणे घरात सगळ्यांच्या चेष्टेचा विषय होते. आधी नाकातून फुस्स असा आवाज येई, मग ती तोंडावर हात धरी, आणि बोटांच्या फटींतून ते हसू सांडत राही. माझ्या कानांना त्या आवाजाइतके प्रिय या घरात दुसरे काही नव्हते.

तिचा साखरपुडा खाडीकाठच्या गावातल्या, चांगल्या जमीनजुमल्याच्या घरात झाला. मुलगा दिसायला देखणा, स्वतःचा वाहतुकीचा धंदा, बोलणे मवाळ. घरात शिरला की आधी वाकून सर्वांच्या पाया पडायचा. त्याच्या अंगाला येणारा अत्तराचा वास तो गेल्यावरही पडद्यांत राहायचा. वैशाखातला मुहूर्त ठरला होता.

लग्नाला महिना उरला असताना एका रविवारी तो चुलतभाऊ आणि दोन मित्रांना घेऊन जेवायला आला. वहिनीने चिंबोऱ्यांचे कालवण आणि तांदळाच्या भाकऱ्या केल्या होत्या. जेवणे झाली, भाऊ आत जाऊन आडवा झाला, आणि ही मंडळी दिवाणखान्यातल्या भिंतभर पडद्यासमोर बसली. माझ्या भाचीला त्याने शेजारी बसवून घेतले. मी कोपऱ्यात बडीशेप निवडत होते.

मालिका परदेशी, हिंदीत बोलती केलेली. ‘फक्त प्रौढांसाठी’ अशी सूचना आधी पडद्यावर येऊन गेली. खोलीत वयाने सगळेच प्रौढ होते. एका बलाढ्य कंपनीने पाळलेल्या वीरांची ती कथा. त्यांच्या तळहातांतून पांढरा उजेड निघतो, ते आभाळातून उतरतात, जळत्या इमारतींतून माणसे बाहेर काढतात. मात्र कॅमेरे येऊन पोहोचल्याखेरीज आगीत शिरत नाहीत. त्यांतल्या सर्वांत लाडक्या वीराच्या हातून एका हॉटेलात एक माणूस विनाकारण मरतो, आणि तिथली साफसफाई करणारी एक बाई ते पाहते.

तो तिच्या घरी जातो. आवाज चढवत नाही. तिच्याच खुर्चीवर बसतो, तिच्याच हातचा चहा पितो, आणि सांगतो की उद्या वार्ताहर येतील. ‘यांनी मला वाचवले’ एवढेच म्हणायचे, आणि हसायचे. ती म्हणते, हसते. तो तिच्याकडे बघत राहतो.

‘फिर से.’

ती पुन्हा हसते. तो बशीतला चहा फुंकरतो.

‘फिर से.’

पडद्यावर रक्ताचा थेंब नव्हता. नुसता कप बशीवर किणकिणत होता. ज्यांनी ते दृश्य रचले त्यांना ध्रुवपदाची ताकद ठाऊक होती, हे मला मान्य करावे लागेल. एकच ओळ परत येते, आणि दर वेळी येताना मागच्या कडव्याचे ओझे घेऊन येते. बाईचे ओठ आज्ञेत राहतात. डोळे राहत नाहीत. शेवटी तेही राहतात, आणि त्या क्षणी निवडलेली बडीशेप मी परत न निवडलेलीत टाकली. बाहेर एक कंटेनर मागे घेत होते, त्याचा टूं टूं असा आवाज खोलीभर चालू होता. मी पाहिले तर पडद्यासमोरची चारही पोरे हसत होती.

हसण्यालाही जाती असतात. भीती वाटली म्हणून माणूस हसतो, लाज वाटली म्हणून हसतो. हे तसे नव्हते. एखाद्याने सुरेख षटकार मारावा आणि बघणाऱ्याच्या पोटातून दाद यावी, तसे ते हसणे होते.

“भाई काय चीज हाय यार,” एक मित्र म्हणाला. “हात पण न लावता फाडली तिची.”

“रिवाइंड कर, रिवाइंड कर,” चुलतभाऊ म्हणाला.

दृश्य पुन्हा लावले गेले. ते संपताच होणाऱ्या जावयाने माझ्या भाचीची हनुवटी दोन बोटांनी आपल्याकडे वळवली.

“आता तू कर.”

“काय?”

“हस.”

ती हसली, नाकातून, तोंडावर हात धरून, नेहमीसारखी.

त्याने तिचा हात खाली घेतला. “फिर से.”

मित्रांनी मांड्यांवर थापा मारल्या. ती पुन्हा हसली, दात दाखवून.

“न्हाय जमलं. डोले हसले न्हाय तुझे. फिर से.”

“पुरे आता,” मी म्हणाले.

“अवो आत्या, मस्करी हाय!” तो माझ्याकडे वळून इतके गोड हसला की वहिनी स्वयंपाकघराच्या दारातून तोंडाला पदर लावून हसली. आणि तेवढ्यात माझ्या भाचीला ते साधले. डोळ्यांसकट. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. जाताना तो माझ्या पाया पडला. त्याच्या बोटांचा स्पर्श मी पावलांवरून घासून काढला.

संध्याकाळी गच्चीवर ती वाळत घातलेले कपडे काढत होती. गोदामांवरून तापल्या पत्र्याचा आणि पुठ्ठ्याचा वास येत होता. तिने माझ्याकडे न बघता सांगितले.

“आत्या, आज पहिल्यांदा न्हाय.”

साखरपुड्यानंतरच्या आठवड्यापासून तो रोज सकाळी तिच्याकडून एक फोटो मागवत होता. उठल्यावरचा, हसरा. आधी तिला त्याचे कौतुक वाटले. मग ‘डोळे नीट नाहीत’, ‘केस बांध’, ‘तोंडावर हात नको’ असे येऊ लागले, आणि मनासारखा फोटो येईपर्यंत तो दुसरे काही बोलत नसे. एकदा तिला ताप होता. ताप आहे म्हणून तिने सांगितले, तर उत्तर आले की तापातही हसता येते. मालिका तर त्याने नंतर पाहिली. ‘फिर से’ हे दोन शब्द त्याला तिथून मिळाले. बाकी सगळे त्याचे स्वतःचे होते.

“मी कार्यालयात जाते ना, तिथं कुणी विनोद केला तरी मला आधी आठवतं, दात दिसतात का,” ती म्हणाली. परकराची घडी तिने तीन वेळा मोडून घातली. “मला हे लगीन करायचं न्हाय. आईबाबांना तू सांग. मी सांगितलं तर ते हसतील.”

ते हसलेच. दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ न्याहारीला बसला असताना मी सगळे सांगितले. फोटोंचे, तापाचे, कालच्या दुपारचे. त्याने भाकरीचा तुकडा कालवणात बुडवला.

“ताय, येडी झालीस का? सिरीयल बघून लगीन मोडतात कुठं?”

“मालिकेचं सोड. फोटोंचं बोल.”

“मंग? बायकोचा फोटो मागितला, दुसरीचा न्हाय ना मागितला?” तो स्वतःच्या बोलण्यावर खूश झाला. “पोरगा दारू पीत न्हाय, बाहेरची भानगड न्हाय. हस म्हणतो. रड म्हणाला असता तर मी बोललो असतो.”

वहिनी तव्यावरची भाकरी उलटत होती. पाठमोरीच म्हणाली, “मला यांनी कधी हस म्हटलं न्हाय. रडू नको, एवढं म्हणायचे.” ते तक्रारीने म्हटले की अभिमानाने, मला अजून ठरवता आलेले नाही. भाकरी टम्म फुगली, तिने ती दाबली, आणि वाफ तिच्या मनगटाला लागली तरी हात मागे घेतला नाही.

मी भावाला ते दृश्य पाहायला लावले. आग्रह करून, पडद्यासमोर बसवून. मला वाटले, जे मुलीच्या तोंडून ऐकू येत नाही ते कदाचित परक्या बाईच्या चेहऱ्यावर दिसेल. त्याने ते शेवटपर्यंत पाहिले, कपाळाला आठी घालून.

“बाय मूरख हाय,” तो म्हणाला. “मागचा दरवाजा हाय तिच्या घराला. पळाली का न्हाय?”

महाविद्यालयात गेले तर तिथेही तीच मालिका. प्राध्यापकांच्या खोलीत एक ज्येष्ठ सहकारी तिच्यावर बंदी आणावी म्हणून तावातावाने बोलत होते. रक्त, शिव्या, उघडी अंगे, संस्कारांचा नाश. त्यांनी तिचा एकही भाग पाहिलेला नव्हता. दुसऱ्या एका तरुण सहकाऱ्याने पूर्ण पाहिली होती. ते मला समजावू लागले की हा सत्तेवरचा उपहास आहे, त्या वीराचा तिटकारा यावा म्हणूनच तो असा रंगवला आहे, आणि आपल्या मुलांना ते कळत नाही हा आपल्या शिक्षणाचा दोष. ते बरोबर बोलत होते. मला त्यांच्या बरोबर असण्याचाच राग आला. बाहेर व्हरांड्यात एक मुलगा आपल्या वर्गातल्या मुलीचा रस्ता अडवून उभा होता, ‘फिर से, फिर से’ म्हणत होता, आणि ती मुलगी हसत होती, कारण न हसण्याची सोय तिथे नव्हती. मी त्याला हाताला धरून बाजूला केले. तो म्हणाला, “मॅडम, डायलॉग आहे.”

डायलॉग आहे. मस्करी आहे. मालिका आहे. या तीन पडद्यांआड आमच्याकडचा कुठलाही पुरुष निर्धास्त उभा राहू शकतो. मालिका वाईट म्हणणाऱ्यांना वाटते विष पडद्यातून येते. चांगली म्हणणाऱ्यांना वाटते औषध पडद्यातून येते. घरात सकाळी सहाला फोन वाजतो आणि एक मुलगी तोंडावर आलेला हात खाली घेते, ते या दोघांनाही दिसत नाही.

आणि मग फलक लागला. आमच्याकडे लग्नापेक्षा हळद मोठी. हळदीचा फलक नाक्यावर लागला नाही तर लग्नावर घरचे लोक नाराज आहेत असे समजतात. वराकडच्या पोरांनी त्यांच्या गावात एक लावला आणि आमच्या वेशीवर एक. उंची दुमजली. त्या वीराचे आभाळातून उतरतानाचे चित्र, तळहातांतून पांढरा झोत निघालेला, आणि मानेवर आमच्या जावयाचे मुंडके. खाली मोठ्या पिवळ्या अक्षरांत: ‘भावाची हळद! फिर से नाय, एकदाच!’ त्याखाली पन्नासेक शुभेच्छुकांचे काळे चष्मे घातलेले चेहरे.

आमच्या भावकीतल्या थोरल्या काकी, वय झालेल्या, नजर अधू, वेशीवरून येताना तिथे थांबल्या. हातातून तेज निघते आहे, अंगावर शेला उडतो आहे, माणूस अधांतरी आहे. त्यांनी त्याला देव मानले. जावयाच्या घरचा कुणी कुळदेव असणार, आणि पोरांनी भक्तीने त्याला जावयाचा चेहरा दिला असणार, असे त्यांनी मनाशी जुळवले. घरी येऊन त्यांनी हळदकुंकू नेले, फलकाच्या बांबूला लावले, अक्षता वाहिल्या आणि नारळ फोडला. मी महाविद्यालयातून परतले तेव्हा पोरे त्याचे चित्रण करून गावभर फिरवत होती आणि काकी मला विचारत होत्या, “कनचा देव हाय गो बाय ह्यो? नवीन दिसतंय.”

“देव नाही काकी. लोकांना मारतो तो.”

“मंग देवच की,” त्या म्हणाल्या. “देव काय कमी मारतात?”

सगळे हसले. मीही हसले असते, एरवी. पण बांबूवरचे ते ओले कुंकू पाहून माझ्या डोक्यात काहीतरी तडकले. काकींना दिसत नव्हते म्हणून त्यांनी त्याला ओवाळले. ज्यांना दिसत होते त्यांनी काय वेगळे केले होते?

माझ्या हातात एकच गोष्ट होती. आमच्या समाजात लग्नाचे विधी भटजीच्या आधी धवलारीण चालवते. ती धवले गाते, म्हणजे देवांना, पितरांना, नदीला, शेताला नाव घेऊन लग्नाला बोलावते. तिने गायल्याशिवाय उखळात हळद पडत नाही. माझी आई धवलारीण होती. छंद, यती, यमक हे शब्द मी महाविद्यालयात शिकले, पण मात्रा माझ्या अंगात भरली ती आईच्या मुसळाच्या तालावर. तिच्यामागे आमच्या घरातले धवले मी गाते. दुसऱ्या कुणाच्या घरी नाही, फक्त आमच्या.

मी भावाला सांगितले, “मी हिचा धवला गाणार नाही.”

त्याचा चेहरा क्षणभर उतरला. मला ते दिसले. मग तो म्हणाला, “नको गाऊ. डीजे सांगितलाय मी. तुझा धवला ऐकतंय कोण, ताय? मागच्या हळदीला तू गात होतीस तेव्हा पोरं साउंड चेक करत होती.”

ते खरे होते. खरे असल्यामुळेच मी वर जाऊन दार लावून घेतले. खालून वहिनी भांडी आपटत होती. तिने त्या दिवशी भांडी फार आपटली.

भाचीने मात्र त्याच संध्याकाळी स्वतःच फोन करून त्याला सांगितले की तिला लग्न करायचे नाही. म्हणून पुढच्या रविवारी सकाळी त्याच्याकडचे लोक समजूत घालायला आले: त्याचे आईवडील, मामा आणि तो. पांढरे कपडे, अत्तर, पेढ्यांचा पुडा. भावाने त्यांना आदराने बसवले. चहा आला. भाचीला बाहेर बोलावले. ती वहिनीच्या शेजारी उभी राहिली, मी दारात.

“पोर लाजाळू हाय, दुसरं काय न्हाय,” मामा म्हणाले. “लग्नाआधी सगल्या पोरी घाबरतात.”

“मी घाबरले न्हाय,” भाची म्हणाली. “मला त्याच्याशी लगीन करायचं न्हाय.”

“पण झालं काय बाय, ते तरी सांग.” त्याचे वडील खरोखर न कळल्यासारखे बोलत होते.

तिने सांगितले. सगळे सांगितले. फोटो, ताप, हनुवटी. ती बोलत असताना त्याची आई पेढ्यांच्या पुड्याचा दोरा बोटाला गुंडाळत होती आणि सोडत होती. वडील ऐकून घेऊन हसले; दुष्टपणे नाही, एखाद्या मुलाच्या हट्टाला हसावे तसे.

“येवढंच ना? पोरगं मस्करीखोर हाय आमचं. चल, झालं गेलं विसर. एकदा हस बघू आमच्यासमोर, म्हणजे आमी पण हसत घरी जातो.”

“हस ग,” वहिनी हलकेच म्हणाली.

“हस बाय, विषय संपव,” भाऊ म्हणाला.

“नाही हसणार ती,” मी म्हणाले.

“ताय, तू मधी पडू नको.”

सगळे तिच्याकडे बघत राहिले. पंख्याचे एक पाते दर फेऱ्याला कट् असा आवाज करत होते. माझी भाची माझ्याकडे बघत होती आणि मी मान हलवत होते, नको, नको. पण चार बाजूंनी माया करणाऱ्या माणसांनी एकाच वेळी मागितलेले हसू नाकारायला जी हाडे लागतात ती आम्ही आमच्या मुलींत वाढू दिलेली नाहीत. ती हसली. ओठ थोडेसे बाजूला गेले, एवढेच.

आणि सोफ्यावरून, चहाचा घोट घेता घेता, अगदी सहज, तो म्हणाला, “फिर से.”

त्याला ते म्हणायचे नव्हते, असे मला वाटते. सवयीने तोंडातून निघाले असावे. तो लगेच हसला, मामाही हसले. पण भाऊ हसला नाही. त्याने कप खाली ठेवला. संगमरवरावर बशीचा आवाज झाला.

“काय म्हणालास?”

“मस्करी,” तो भावाला म्हणाला.

“माझ्या घरात बसून, माझ्या पोरीला, माझ्यासमोर?” भाऊ उभा राहिला. “मी तिला हस म्हटलं, ती हसली. तू कोण रे वरून परत सांगणारा?” मग तो त्याच्या वडिलांकडे वळला. “चहा झाला असंल तर निघा तुमी.”

गेले ते. पेढे तिथेच राहिले. नंतर त्यांच्याकडून निरोप आला की आमची मुलगी डोक्याने हलकी आहे आणि मालिका बघून लग्ने मोडते. बाहेर तेच पसरले, कारण भावानेही तेच पसरू दिले. कुणी विचारले की तो सांगे, “जाऊ दे, सिरीयलवरून वाद झाला.” त्याने घरातल्या पडद्यावरचे मालिकांचे ते अ‍ॅप काढून टाकले आणि आपण मूळ उपटले असे त्याला वाटले.

लोक मला म्हणतात, शेवटी भाऊ मुलीच्या मागे उभा राहिला ना, मग आता कसला राग. सांगते कसला. माझ्या भावाला मुलीचे दुःख तिच्या तोंडून ऐकू आले नाही, माझ्या तोंडून आले नाही, पडद्यावर दाखवले तरी दिसले नाही. त्याला ऐकू आला तो स्वतःचा अपमान. त्याच्या हुकमावर दुसऱ्याने हुकूम चढवला, एवढेच त्याला बोचले. तो पोरगा त्या सकाळी गप्प राहिला असता, चहा पिऊन पाया पडून गेला असता, तर आज माझी भाची त्याच्या घरात असती. सकाळी सहाला, ताप असो की नसो. तिची सुटका एका पुरुषाची जीभ घसरल्यामुळे झाली. यात मी आनंद कुठून आणू?

आणि हे तिलाही कळत होते. पुढच्या दोन महिन्यांत त्याचे दुसरीकडे जमले. मुलगी वज्रेश्वरीच्या रस्त्यावरच्या एका गावातली, शेतकरी घरातली, नुकती बारावी झालेली. बातमी आली तेव्हा भाची जेवत होती. तिने ताट बाजूला सारले.

“आत्या, तिला सांगायला पाहिजे.”

वहिनी म्हणाली, “काय पण बोलतेस? लोक म्हणतील जळते म्हणून.”

“म्हणू देत.”

आम्ही दोघी दुपारच्या बसने गेलो. घर शोधायला वेळ लागला नाही. भिंतींना नवा रंग दिलेला होता. मुलीची आई पडवीत सुकट निवडत होती. आम्ही कोण ते सांगितल्यावर तिने पाणी दिले, पण बसा म्हटले नाही.

“म्हंजे तू ती सिरीयलवाली,” ती भाचीला म्हणाली.

“हो,” भाची म्हणाली. “मीच.”

“आमचा जावय चांगला हाय. तुमचं न्हाय पटलं, ते तुमचं. आमच्या पोरीचं कान भरू नका.”

मी बोलायला लागले. माझ्याजवळ शब्द पुष्कळ होते, चांगले, तोललेले, आयुष्यभर गोळा केलेले. त्यांतला एकही त्या पडवीत चालला नाही. बाईने सुकट पाखडायला घेतली आणि तिच्या सुपाच्या आवाजात माझी वाक्ये वाहून गेली. तेवढ्यात घराच्या मागच्या बाजूने एक मुलगी कपड्यांची बादली घेऊन आली. हातांना ओल्या साबणाचा वास, कानांत साखरपुड्याच्या नव्या कुड्या. तिने सगळे ऐकले असावे. आईला म्हणाली, “हिला कपडे वाळत घालायची दोरी दाखवते,” आणि भाचीला परसात घेऊन गेली. इतके विचित्र निमित्त होते की आईला त्यावर काही बोलायलाही सुचले नाही.

मी पडवीच्या टोकाला सरकले. तिथून परस दिसत होते, बोलणेही कानावर पडत होते. भाची बोलत होती, हळू, हात न हलवता. ती मुलगी एक ओढणी पिळत होती. पाणी संपले तरी पिळतच होती. भाचीचे सांगून झाले. मला वाटले, आता ही चिडेल, किंवा रडेल, किंवा आईला हाक मारेल.

तिने ओढणी दोरीवर टाकली, तिची टोके सारखी केली, आणि घराकडे एक नजर टाकून विचारले, “तुमी घरी कसं सांगितलं?”

माझी भाची तिथल्या कपडे धुण्याच्या दगडावर बसली आणि तिला सुरुवातीपासून सांगू लागली.